मसाला, मसलत आणि सल्ला

मसाला, मसलत आणि सल्ला हे तीन मराठी शब्द सख्खी भावंडे आहेत, असे वर्गात सांगितले की मुले आधी हसतात आणि मग वहीत लिहून घेतात. तिन्ही शब्द अरबीतल्या ‘स-ल-ह’ या एकाच मुळातून आलेले. नीट असणे, हिताचे असणे हा त्या मुळाचा अर्थ. ‘मस्लहत’ म्हणजे हिताची गोष्ट, आणि तिचे अनेकवचन ‘मसालिह’. फारसी-उर्दूच्या वाटेने येता येता ‘मसालिह’चा अर्थ एखादी गोष्ट नीट व्हायला लागणारे साहित्य असा झाला. म्हणून उर्दूत गवंड्याच्या चुन्या-वाळूच्या कालवणालाही मसाला म्हणतात आणि बिर्याणीत पडतो त्यालाही. तिकडे ‘मस्लहत’ची मराठीत मसलत झाली आणि ‘सलाह’चा सल्ला झाला. राघोबादादांचे अखेरचे दिवस ज्या कोपरगावात गेले, १७८३ साली जिथे त्यांनी डोळे मिटले, त्या गावाला मसलत हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको.

शब्दांची ही कुळकथा सांगण्याचे कारण आहे. घरचा मसाला टिकला पाहिजे, असे आपल्याकडे सगळेच म्हणतात. मीही म्हणते. पण मसाला टिकवायचा तर त्यात मसलत हवी, आणि नेमकी तीच आपल्या घरांतून गेली आहे. एक बाई निवडते, वाळवते, कुटते, चाळते. बाकीचे वास आला की दाद देतात. प्रमाण कुणी विचारत नाही, कुणी लिहीत नाही. ती बाई गेली की तिचा चाळीस-पन्नास वर्षांचा अभ्यास तिच्यासोबत कब्रस्तानात जातो. मग चाळिसाव्याच्या जेवणाला बसलेले लोक म्हणतात, तिच्या हाताची चव आता कुणाला जमायची नाही. जमणार कशी? तिच्या हयातीत तिला विचारले कुणी?

मी बोलते आहे ते तिखट मसाल्याबद्दल नाही. काळा मसाला, कांदा-लसूण मसाला यांच्यावर पुष्कळ बोलले जाते आणि आमच्या जिल्ह्यात तर कुणाचा खरा यावर वादही होतात. मला बोलायचे आहे ते सणासुदीला भट्टीत जे भाजले जाते, त्यात पडणाऱ्या सुगंधी पुडीबद्दल. आमच्या घरी तिला ‘मीठे का मसाला’ म्हणतात. शेजारच्या काकू वेलची-जायफळाची पूड म्हणतात. गोडा मसाला तो वेगळा. नावात गोड असले तरी त्याची जागा आमटीत. ही पूड ईदच्या नानकटाईत पडते, मोहरमच्या रोटात पडते, दिवाळीच्या बिस्किटांत पडते आणि थोड्या वेगळ्या रूपात नाताळच्या केकमध्येही पडते. डबी लहान, वजन चार-दोन तोळे, म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. घाण्याला लागणाऱ्या किलोभर मैद्याचा आणि तुपाचा हिशोब सगळ्यांना पाठ असतो. पुडीचा हिशोब मात्र एकाच डोक्यात असतो.

कोपरगाव हा साखरेचा तालुका. गावाच्या नावातच साखर मिरवणारी साकरवाडी आमच्याच तालुक्यात आहे. गोडाची इथे कधी कमतरता नव्हती, पण घरात भट्टी कुणाकडे असणार? त्यामुळे नानकटाईचे साहित्य घरून घेऊन बेकरीत जायचे आणि भाजून आणायचे, ही आपल्याकडच्या लहान गावांतली जुनी रीत. मैदा, रवा, बेसन, पिठीसाखर, तूप आणि सर्वांत वर रुमालात किंवा छोट्या डबीत ही पूड. बेकरीत पहाटेचा पाव निघाला की उतरत्या आचेवर नानकटाईचे पत्रे आत जातात, कारण तिला पावासारखी कडक आच सोसत नाही. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तरावीहनंतर बेकऱ्यांसमोर डबे घेऊन रांगा लागतात. दिवाळीच्या आधी तशाच रांगा इतर घरांच्या असतात.

नानकटाई या शब्दातला ‘नान’ म्हणजे फारसीतली भाकरी-रोटी. तिचा जन्म सुरतेतला मानतात. डच व्यापाऱ्यांची तिथली बेकरी एका पारशी कारागिराच्या हाती आली आणि पुढे या खुसखुशीत नानकटाईने नाव कमावले, अशी कथा सांगितली जाते. ती आमच्या गोदावरीकाठी आली आणि इतकी रुळली की ती कुणाची, हे विचारायचे कुणाला सुचले नाही. नाताळचेही तसेच. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केले. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे कितीतरी दिवस नगरमध्ये गेले. त्या परंपरेतली मराठी ख्रिस्ती कुटुंबे जिल्ह्यात गावोगाव आहेत. डिसेंबरात त्यांच्याकडे करंजी-शंकरपाळ्याचा फराळही होतो आणि केकही होतो, आणि त्या केकमध्ये दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ यांची पूड असते. मोहरमच्या दिवसांत हैदराबादेत ‘दम के रोट’ भट्टीत भाजले जातात; रवा, तूप, सुकामेवा, वेलची आणि केशर घातलेले. आपल्याकडे त्याच दिवसांत गुळाचे चोंगे होतात. म्हणजे वर्षभरात तीन-चार वेळा ही पूड ताजी करावी लागते. तिचे चांगले किंवा वाईट असणे अख्ख्या सणाला लागते.

आता पाकिटाबद्दल. किराणा दुकानात तयार वेलची-जायफळ पावडर मिळते, दूध मसाला मिळतो, केकचा मसालाही मिळतो. पाकीट आणणाऱ्या बाईला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. शाळा, घर आणि रोजा सांभाळून जिने पाकीट फोडले, तिने काही गुन्हा केला नाही. तरीही घरी केलेली पूड सरस का, याची कारणे भावनेची नाहीत, साधी आहेत. वेलचीचा वास तिच्या दाण्यांतल्या तेलात असतो आणि ते तेल उडून जाणारे असते. दाणे सालात बंद असतात तोवर ते टिकते. दळले की उडायला लागते. दळल्यापासून आपल्या डब्यात येईपर्यंत पाकिटाने किती महिने काढले, हे आपल्याला दिसत नाही. सालासकट दळलेली वेलची वजनाला जास्त भरते आणि वासाला कमी पडते. बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, कठीण साल मिळते ती बहुतेक वेळा तिची चुलत बहीण कॅसिया असते. तेल काढून घेतलेल्या लवंगाही विकल्या जातात. त्या ओळखायची सोपी खूण म्हणजे चांगली लवंग पाण्यात बुडते, तेल काढलेली तरंगते. अख्खा जिन्नस डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, पाण्यात टाकून बघता येतो. पूड झाली की आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने भारतातल्या दोन बड्या कंपन्यांच्या काही तयार मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड हे रसायन सापडल्याचे सांगितले, तेव्हा आठवडाभर घरोघरी चर्चा झाली. पुढे चर्चा विरली आणि पाकिटे होती तिथेच राहिली.

हे सगळे मान्य करूनही ‘घरचे ते घरचे’ असे कौतुकाने म्हणणाऱ्या मंडळींना मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. घरचे म्हणजे कुणाचे? रमजानमधला एका बाईचा दिवस मोजून बघा. सेहरीसाठी पहाटे साडेतीनला उठायचे. दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही. नोकरी असेल तर नोकरी, नसेल तर घरातली न संपणारी कामे. चार वाजल्यापासून इफ्तारची तयारी. इफ्तारनंतर भांडी, मग जेवण, पुन्हा भांडी. त्यात शेवटच्या दहा दिवसांत इबादतीची तिचीही ओढ असतेच. याच दिवसांत तिने वेलची सोलावी, जायफळ किसावे, पूड करावी, नानकटाईचे पीठ मळावे आणि वर चवही आईच्या हातची यावी, ही अपेक्षा. लेख लिहिणारे, भाषणात ‘आपली तहजीब’ म्हणून दस्तरखानाचे गोडवे गाणारे बहुतेक पुरुष असतात. वेलचीचे दाणे काढून बोटे काळी-हिरवी झालेला पुरुष मी फार पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. रोजात पीठ चाखून बघणे टाळले जाते. म्हणजे वर्षातल्या सर्वांत महत्त्वाच्या घाण्याला तिला जिभेची मदत नाही. ती नाकावर आणि हातावर काम करते. इतक्या अवघड कामाला आपण ‘अंदाज’ म्हणतो.

अंदाज हा शब्दही गमतीचा आहे. उर्दूत ‘अंदाज’ म्हणजे ढब, शैली. शायराचा अंदाज, बोलण्याचा अंदाज. मोजमापाच्या अदमासाला उर्दूत ‘अंदाजा’ म्हणतात. मराठीने एकच शब्द घेतला आणि त्याला अदमासाचे काम दिले. पण आमच्या घरांतल्या दादी-नानी ‘अंदाज से डाल’ म्हणायच्या, तेव्हा त्यात दोन्ही अर्थ असायचे. किती घालायचे हेही आणि कसे घालायचे हेही. प्रमाण विचारले की एक ठरलेले उत्तर यायचे, “मेरे हातकू पूछ.”

मध्यंतरी मी आठवीच्या वर्गाला एक काम दिले. घरात सणाला जो गोड मसाला होतो, त्याचे प्रमाण घरातल्या मोठ्या बाईला विचारून लिहून आणायचे. आधी ती जशी बोलते तसे, मग उर्दूत आणि मग मराठीत. पहिल्या दिवशी बहुतेक वह्यांत एकच वाक्य होते, ‘अंदाज से.’ काहींनी ‘चिमूटभर’, ‘बोटाच्या पेरावर मावेल एवढे’, ‘वास येईपर्यंत’ असे लिहिले. मला तीही उत्तरे आवडली, कारण भाषेच्या तासाला याहून चांगला पाठ कुठला? जावित्रीला मराठीत जायपत्री म्हणतात, सौंफ म्हणजे बडीशेप, सोंठ म्हणजे सुंठ, इलायची म्हणजे वेलची आणि वेलदोडाही, हे मुलांनी पाठ न करता शिकून घेतले.

पण एक मुलगा वेगळेच करून आला. त्याने दादीला घेऊन गल्लीतले किराणा दुकान गाठले आणि दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तिला मुठीने वेलची ठेवायला लावली. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा वजन जवळपास सारखेच भरले, एखाद्या ग्रॅमचा फरक. वर्गात हे वाचून दाखवताना तो म्हणाला, “टीचर, दादीका हात काँटाच है.” त्या वाक्यानंतर माझ्या मनातली शंका उरली नाही. ज्याला आपण अंदाज म्हणून सोडून देतो, ते मोजमापच असते. फक्त ते ग्रॅममध्ये बोलत नाही. कुणीतरी त्याचा तर्जुमा करायचा असतो, आणि तर्जुमा करणे हे तर आम्हा दोन भाषा शिकवणाऱ्यांचे रोजचे काम.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. लिहून ठेवले की मजा जाते, काट्यावर मोजून केलेल्या जेवणाला चव नसते. माझे मत उलटे आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. त्यात अकबराच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांचे साहित्य शेर आणि दामाच्या वजनांनी नोंदवले आहे. तूप किती, लवंगा किती, वेलची किती. बादशहाच्या जेवणाची मजा त्याने गेली असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. त्या मुदपाकखान्याकडे कारकून होते, आमच्या दाद्यांकडे नव्हते, इतकाच फरक. मराठीत १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले. त्यांनी वाटी-चमच्याचे माप दिले आणि परगावी, परदेशी एकटे राहणाऱ्या कितीतरी मुलामुलींना त्या मापाने स्वयंपाक करता आला. माप दिल्याने चव पसरली.

जिथे प्रमाण सांभाळले जाते तिथे ते कसे सांभाळतात, तेही बघण्यासारखे आहे. वसई आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात बॉटल मसाला होतो. वीस-पंचवीस आणि त्याहूनही जास्त जिन्नस, कडक उन्हात वाळवलेले, भाजून कुटलेले, काळपट काचेच्या बाटल्यांत ठासून भरलेले. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे आणि ते जपलेले. पण तिथेही उखळाशी वर्षानुवर्षे मुसळ चालवले ते कुटायला येणाऱ्या बायकांनी. मसाला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ती घरे आणि ज्यांच्या दंडांनी तो कुटला गेला त्या बायका, यांत अंतर राहिलेच. म्हणून प्रमाण लिहिणे पुरेसे नाही, कष्ट वाटून घेणेही तितकेच गरजेचे आहे. या दोन गोष्टी एकत्र झाल्या तरच मसाल्याची मसलत होते.

आमच्या सणांना लिहिलेल्या प्रमाणाची गरज इतरांपेक्षा जास्तच आहे. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, नाताळ डिसेंबरात. हवा दरवर्षी साधारण सारखी. ईद मात्र चंद्राच्या वर्षाने चालते आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१८ साली ईद-उल-फित्र १६ जूनला होती, पावसाच्या तोंडावर. २०२२ साली ती ३ मे रोजी, अक्षय्य तृतीयेच्याच दिवशी, भर उन्हाळ्यात आली. २०२५ साली ३१ मार्चला. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरात. तेहेतीस वर्षांत ही ईद सगळ्या ऋतूंतून फिरून येते. म्हणजे ज्या बाईने तीन-साडेतीन दशके नानकटाई केली, तिने ती प्रत्येक हवेत केली. पावसाळी हवेत साखर घालून दळलेली पूड ओल धरते आणि तिचे गोळे होतात, तेव्हा ती साखरेशिवाय दळायची. मे महिन्यात तूप पातळ असते, तेव्हा पीठ मळून थोडा वेळ गार जागी ठेवायचे. थंडीत उन्हाला जोर नसतो, तेव्हा जायपत्री कोमट तव्यावर ठेवून कुरकुरीत करायची. हे सगळे तिला माहीत असते. तिच्या सुनेने, नातीने सुरुवात केली ती मार्चच्या ईदेपासून. जूनची ईद त्यांच्या वाट्याला येईल तेव्हा शिकवायला कोण असेल?

आमच्या घरी आम्ही गेली काही वर्षे जे करतो ते सांगते. हे प्रमाण सर्वांत चांगले असा दावा नाही. ते लिहिलेले आहे, इतकाच त्याचा गुण. एक किलो मैद्याच्या घाण्यासाठी शंभर ग्रॅम बेसन, शंभर ग्रॅम रवा, सहाशे ग्रॅम पिठीसाखर आणि साडेसहाशे ग्रॅम तूप. त्यासाठी पूड अशी: वेलचीचे दाणे आठ ग्रॅम, जायफळ तीन ग्रॅम, जायपत्री एक ग्रॅम, आणि दळायला वीस ग्रॅम साखर. आठ ग्रॅम दाणे हवे असतील तर सालासकट वेलची बारा ग्रॅम घ्यावी लागते. साले चहाच्या डब्यात जातात. जायफळ अख्खेच आणायचे आणि ऐनवेळी किसायचे. ते जास्त झाले तर कडवटपणा येतो आणि फारच झाले तर गुंगीही येते, म्हणून तिथे हात आखडता. साखर सोबत घातली की तिच्या कण्यांनी दाणे बारीक होतात आणि सुटलेले तेलही साखरेत मुरते. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, कारण भांडे तापले की वास तिथेच उडतो.

पूड पिठात टाकू नये, तुपात टाकावी. वासाचे तेल तुपात विरघळते आणि भट्टीच्या आचेतही बऱ्यापैकी टिकते. रोटासाठी हीच पूड, वर दुधात भिजवलेल्या केशराच्या चार काड्या. नाताळच्या केकसाठी किलोभर मैद्याला दालचिनी सहा ग्रॅम, सुंठ तीन, जायफळ दोन आणि लवंग एकच ग्रॅम, कारण लवंग दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. पूड काचेच्या बरणीत ठेवायची, बरणीवर तारीख लिहायची आणि महिन्याभरात संपवायची.

जायफळ आणायचे तर आपल्या कोकणातले का आणू नये, असेही मला वाटते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जायफळाच्या जाती काढल्या आहेत आणि ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जातही त्यांचीच. नारळाच्या बागेतल्या सावलीत ही झाडे येतात. आपल्या सणाच्या डबीतला पैसा आपल्याच राज्यातल्या बागायतदाराकडे गेला तर वाईट काय?

हे काम आम्ही रमजानमध्ये ठेवत नाही, शबे-बरातच्या सुमारास करतो. रोजे नसतात, चाखता येते, घाई नसते. धाकटा मुलगा वेलची सोलतो. त्याचे वडील वजन करतात आणि आकडे वहीत मांडतात. मुलगी जायफळ किसते. सासूबाई खुर्चीत बसून प्रत्येक डबी नाकाला लावतात आणि निकाल देतात. कधी म्हणतात, यंदाची इलायची कमजोर आहे, एक ग्रॅम वाढवा. तेही वहीत लिहिले जाते, साल आणि महिन्यासकट. वहीच्या उजव्या पानावर उर्दू, डाव्या पानावर मराठी. मुलीचे पुढचे शिक्षण मराठीत किंवा इंग्रजीत होईल आणि सासूबाईंना फक्त उर्दू वाचता येते. दोघींनाही ती वही वाचता यायला हवी.

आता भट्टीबद्दल थोडे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हवेचा प्रश्न खरा आहे आणि आज ना उद्या हा बदल लहान गावांतही येईल. भट्टी बदलली की आच बदलते, वेळ बदलतो, मग प्रमाणही थोडे हलवावे लागते. ज्याच्याकडे जुने प्रमाण लिहिलेले आहे, त्यालाच ते कळेल. ज्याच्याकडे नाही, तो ‘पूर्वीसारखी चव राहिली नाही’ एवढेच म्हणेल आणि भट्टीवाल्याला दोष देईल.

कुणाच्या हातचे खावे आणि कुणाच्या दुकानातून घ्यावे, याचे संदेश हल्ली मोबाइलवर फिरत असतात. त्यांना उत्तर देत बसण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. मी एवढेच बघते की एकाच भट्टीत पत्र्याला पत्रा लागून रमजानची, दिवाळीची आणि नाताळची नानकटाई-बिस्किटे भाजली जातात. रांगेत उभ्या बायका एकमेकींच्या डब्यांचे झाकण उघडून वास घेतात आणि विचारतात, तुम्ही जायपत्री घालता का? किती घालता? हीच मसलत, आणि त्यातून मिळतो तो सल्ला. बेकरीच्या पायरीवर बायकांना जे जमते, ते आपल्याच घरातल्या ओट्याशी पुरुषांना आणि मुलांना का जमू नये?

तेव्हा माझे मागणे फार नाही. पुढच्या सणाला महिनाभर असेल तेव्हा एका रविवारी घरातल्या सर्वांत जाणत्या बाईला खुर्ची द्या. छोटा वजनकाटा आणा. तो नसेल तर किराणा दुकानदार दोन मिनिटे त्याचा देईल. तिने मुठीत घेतलेले आधी काट्यावर ठेवा आणि मगच मिक्सरमध्ये टाका. आकडे लिहा, तारीख लिहा, आणि तिचे नाव लिहा. अमुक अम्मीचा मसाला, तमुक आजींची पूड, असे पूर्ण नाव. सोलायला, किसायला आणि भांडी घासायला घरातले सगळे बसा. हे होणार नसेल तर पाकीट आणा आणि आनंदाने खा. मात्र मग नानकटाई हातात घेऊन ‘आईच्या हातची सर नाही’ असे तिला ऐकवू नका, कारण आईला तिचे प्रमाण तुम्हीही कधी विचारले नव्हते.